एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या मुलांची प्रतिकारशक्ती: सीडी-४ वाढला म्हणजे नेमके काय झाले?

“डॉक्टर, हिचा सीडी-४ आता ८४० आला. मग गोळ्या बंद करायच्या का?”

एआरटी केंद्रात पालकांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. त्यात पालकांची चूक नाही. ताप उतरला की आपण औषध थांबवतो, खोकला गेला की बाटली कपाटात जाते. इथे मात्र आकडा चांगला आला तरी औषध थांबवायचे नसते. का, ते समजायचे असेल तर मुलाच्या शरीरात प्रतिकारशक्ती परत कशी उभी राहते हे थोडे सविस्तर पाहावे लागेल.

या लेखापुरती एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. ती कोणी एक खरी मुलगी नाही. ओपीडीत भेटणाऱ्या अनेक मुलांची मिळून तयार झालेली आहे. वय ११. घर ठाण्यात किसननगरला. आई वागळे इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये पॅकिंगला जाते, कधी पहिल्या पाळीत, कधी दुसऱ्या. वडील हयात नाहीत, घरी आजी आहे. मुलीला चौथ्या वर्षी दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा तपासणीत एचआयव्ही असल्याचे कळले. त्या वेळी तिच्या सीडी-४ पेशी ९ टक्के होत्या. आज सात वर्षांच्या औषधांनंतर आकडा ८४० आहे.

सीडी-४ चा आकडा मुलाच्या वयासोबत वाचायचा

सीडी-४ या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका प्रकारच्या पेशी. जंतू शिरला की त्या बाकीच्या पेशींना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो आणि त्यांचा नाश करतो, म्हणून साधे जंतूही जड जातात.

मोठ्या माणसात ५०० च्या वर आकडा असला की आपण समाधानी असतो. लहान मुलांत हा हिशेब चालत नाही. निरोगी तान्ह्या बाळाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण तीन हजार सीडी-४ पेशी असतात. मूल मोठे होते तसा हा आकडा आपोआप खाली येतो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास मोठ्यांच्या पातळीजवळ स्थिरावतो. म्हणजे ६०० हा आकडा १२ वर्षांच्या मुलात चांगला आहे, पण सहा महिन्यांच्या बाळात तोच आकडा गंभीर धोक्याचा आहे.

म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांत आम्ही संख्येपेक्षा टक्केवारी पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार एक वर्षाच्या आत २५ टक्क्यांहून कमी, एक ते तीन वर्षांत २० टक्क्यांहून कमी आणि तीन ते पाच वर्षांत १५ टक्क्यांहून कमी सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्ती फारच खालावलेली. पाच वर्षांनंतर २०० ही सीमा धरतात. आपल्या उदाहरणातली मुलगी चौथ्या वर्षी ९ टक्क्यांवर होती, म्हणजे बरीच खाली.

याचा एक व्यावहारिक परिणाम असा की काही पालक विनाकारण घाबरतात. तिसऱ्या वर्षी १३०० असलेला आकडा सातव्या वर्षी ९०० वर आला की “कमी झाला” असे वाटते. व्हायरल लोड दबलेला असेल आणि मूल वाढत असेल, तर तो बहुधा वयाचा परिणाम असतो. साध्या सर्दीतापातही आकडा तात्पुरता खाली जातो. एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. फाइलमधले जुने सगळे रिपोर्ट ओळीने लावून बघा. फाइल जपून ठेवा असे आम्ही सारखे सांगतो ते यासाठीच.

मुलांकडे मोठ्यांपेक्षा एक गोष्ट जास्त असते

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. नव्या, कोऱ्या टी-पेशी इथे तयार होतात. लहानपणी ती जोरात चालते आणि किशोरवयानंतर आक्रसत जाते. मोठ्या माणसाने औषधे सुरू केली की सुरुवातीला वाढणाऱ्या सीडी-४ पेशींत बऱ्याचशा आधीच तयार झालेल्या, लसीकाग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या पेशी असतात. मुलांत मात्र नव्या कोऱ्या पेशींची भरती मोठ्या प्रमाणावर होते. त्यामुळे मुलांची प्रतिकारशक्ती मोठ्यांपेक्षा चांगली सावरू शकते.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षभरात आकडा वेगाने चढतो, पुढची दोन-तीन वर्षे हळूहळू. तो कुठवर जाईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: औषध सुरू करताना मूल किती लहान होते, आणि तोपर्यंत सीडी-४ किती खाली गेला होता. फार खाली गेल्यावर आणि उशिरा सुरुवात झाली, तर वर्षानुवर्षे नियमित गोळ्या घेऊनही काही मुले त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांइतकी वर येत नाहीत.

लवकर सुरुवात किती महत्त्वाची, हे दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ या अभ्यासाने २००८ मध्ये दाखवले. सहा ते बारा आठवड्यांच्या, वरवर ठीक दिसणाऱ्या बाळांना लगेच औषध दिले, तर लक्षणांची वाट पाहण्याच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर बाळांच्या बाबतीत “थोडे थांबून पाहू” हे धोरण जगभर बदलले. आता भारतात एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला, सीडी-४ कितीही असो, औषध सुरू केले जाते.

आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. मुलांसाठी वेगळ्या मात्रेची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमात २००६ मध्ये आली. त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या तोडून अंदाजाने देण्याची वेळ यायची. त्या काळात उशिरा सुरुवात झालेली मुले आज विशी-पंचविशीत आहेत. त्यांतल्या काहींची उंची कमी राहिली, काहींना वारंवारच्या संसर्गाने फुप्फुसांचा जुना त्रास जडला. सीडी-४ चांगला असला तरी या गोष्टी मागे राहू शकतात. म्हणून तपासणीला उंची, वजन आणि छाती प्रत्येक वेळी पाहून घ्यावी.

आईला एचआयव्ही असेल तर बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांना, टाचेच्या रक्ताच्या थेंबांवर होते. साधी अँटिबॉडी तपासणी १८ महिन्यांपर्यंत फसवी असते, कारण आईच्या अँटिबॉडी बाळात उतरलेल्या असतात. सहा आठवड्यांची तारीख चुकवू नका.

पहिले काही महिने: बरे होताना आजारी वाटणे

औषध सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काही मुलांना अचानक ताप येतो, गाठी सुजतात, दबलेला क्षयरोग उघडा पडतो. पालकांना वाटते, औषध बाधले. खरे तर प्रतिकारशक्ती जागी होते आणि आधीपासून शरीरात असलेल्या जंतूवर तुटून पडते, त्याची ही सूज असते. डॉक्टर याला ‘आयरिस’ म्हणतात.

भारतात जन्मल्याबरोबर बीसीजी दिली जाते, त्यामुळे लहान बाळांत एक खास प्रकार दिसतो: डाव्या काखेत गाठ येते, कधी ती फुटते. अशा वेळी घरी गोळ्या बंद करू नका. केंद्रावर दाखवा. बहुतेक वेळा एचआयव्हीचे औषध चालू ठेवूनच उपचार करता येतात.

क्षयरोगाबद्दल आणखी एक. दाटीच्या वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसे राहत असतील तर घरातल्या कोणाचाही दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला मुलासाठी धोक्याचा. क्षयरोग नसल्याची खात्री करून मुलाला प्रतिबंधक औषध देतात. ते मागून घ्या. आणि क्षयरोगाचेच उपचार सुरू झाले तर त्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या गोळ्यांची नावे दाखवा, कारण रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रावीरचा असर कमी होतो आणि त्या काळात ते दिवसातून दोनदा द्यावे लागते.

पेशी परत आल्या, पण आठवण?

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लस घेतल्यावर शरीर त्या जंतूची ओळख ‘स्मृती पेशीं’मध्ये साठवते. एचआयव्हीवर उपचार नसताना घेतलेल्या लशींची ही आठवण नीट बसत नाही, किंवा बसलेली पुसली जाते. पुढे औषधांनी नव्या पेशी येतात, पण त्या कोऱ्या असतात. त्यांना गोवर काय, हिपॅटायटिस-बी काय, ठाऊक नसते. लसीकरणाचे कार्ड पूर्ण भरलेले असते आणि संरक्षण मात्र अर्धवट असते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की औषधांनी प्रतिकारशक्ती सावरल्यावर, म्हणजे सीडी-४ साधारण २० ते २५ टक्क्यांवर आल्यावर, गोवराच्या लशीचा एक जादा डोस द्यावा. सीडी-४ तपासणीची सोय नसेल तर औषध सुरू होऊन सहा ते बारा महिने झाल्यावर. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीपासून सुरू होऊन, गोवराची मोठी साथ आली आणि ती भिवंडीपर्यंत पोहोचली. सायन-ठाणे-भिवंडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा डोस किती गरजेचा आहे ते वेगळे सांगायला नको.

एक खबरदारी मात्र हवी. गोवर, कांजिण्या अशा जिवंत जंतूंच्या लशी सीडी-४ फार कमी असताना देत नाहीत. तेव्हा वस्तीतल्या शिबिरात परस्पर लस टोचून न घेता आधी केंद्रावर विचारा. हिपॅटायटिस-बीच्या अँटिबॉडीची तपासणी, न्यूमोकोकल लस, दरवर्षी फ्लूची लस आणि मुलगी नऊ वर्षांची झाली की एचपीव्ही लस, यांबद्दलही विचारा. एचआयव्ही असलेल्या मुलींना एचपीव्हीचे शक्यतो तीन डोस द्यावेत अशी शिफारस आहे. घरातल्या इतर भावंडांच्या लशी वेळेवर होऊ द्या, त्यातून या मुलालाही संरक्षण मिळते.

मग औषध थांबवले तर?

२०१० मध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषधे सुरू झाली. दीड वर्षाच्या सुमारास उपचार सुटले. नंतर तपासले तर विषाणू सापडेना. २०१३ मध्ये जगभर बातमी झाली की बाळ बरे झाले. २०१४ च्या जुलैमध्ये, औषधाविना दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, विषाणू परतला आणि औषधे पुन्हा सुरू करावी लागली.

याचे कारण असे की एचआयव्ही काही दीर्घायुषी पेशींच्या आत झोपून राहतो. औषध जागे विषाणू वाढू देत नाही, झोपलेल्यांना हात लावू शकत नाही. औषध थांबले की त्यातला एखादा जागा होतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच रक्त विषाणूने भरते.

“सीडी-४ चांगला असेपर्यंत थांबू, उतरला की पुन्हा सुरू करू” हाही विचार करून झालेला आहे. ३३ देशांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांवर तसा ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास चालू होता. औषध थांबवलेल्या गटात आजार आणि मृत्यू वाढले, त्यात हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही होते. २००६ च्या जानेवारीत ती पद्धत थांबवावी लागली.

व्हायरल लोड आधी बोलतो, सीडी-४ नंतर

गोळ्या चुकू लागल्या की आधी विषाणू वाढतो. सीडी-४ मुलांत काही महिने चांगला राहू शकतो, आणि घरच्यांना वाटते सगळे ठीक आहे. म्हणून दीर्घकाळ औषध घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी पहिला प्रश्न व्हायरल लोडचा विचारतो. राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा मोफत होते. १००० च्या वर आकडा आला तर लगेच औषध बदलत नाहीत. डोस कुठे चुकतात ते शोधतात, समुपदेशन करतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात.

याच्या उलट काही मुलांत व्हायरल लोड उत्तम दबलेला, पण सीडी-४ हटवादीपणे खाली. उशिरा झालेली सुरुवात, क्षयरोग, कुपोषण ही नेहमीची कारणे. क्षयरोग शोधायचा, आहार सुधारायचा, कोट्रायमोक्साझोल चालू ठेवायचे. केवळ एवढ्यावरून एचआयव्हीची औषधे बदलून उपयोग होत नाही. प्रतिकारशक्तीची म्हणून बाजारात मिळणारी महागडी पावडर आणि सिरप सीडी-४ वाढवत नाहीत. तो पैसा अंडी, डाळ, शेंगदाणे यांवर गेलेला बरा.

कोट्रायमोक्साझोलबद्दल थोडे. ही न्यूमोनिया आणि इतर संसर्ग रोखणारी गोळी पालक सर्वांत आधी स्वतःहून बंद करतात, कारण “ती काही एचआयव्हीची नाही”. युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ‘अॅरो’ अभ्यासात, जवळपास दोन वर्षे एआरटी घेऊन झालेल्या मुलांनी ही गोळी थांबवली तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण वाढले. पाच वर्षांखाली ती सगळ्यांनाच देतात. त्यापुढे, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी-४ ३५० च्या वर आला आणि विषाणू दबलेला असला तर डॉक्टर ती थांबवतात.

डोस कुठे चुकतात

आईची दुसरी पाळी असते तेव्हा गोळी आजीच्या हाती. आजीला नाव वाचता येत नाही, तर डब्यावर रंगाची खूण करा. आता बहुतेक मुलांना डोल्युटेग्रावीर असलेले औषध मिळते. ते जेवणाआधी-नंतर कधीही चालते, फक्त रोजची एक वेळ ठरवा. पाळी बदलली तरी न बदलणारी वेळ निवडा. बऱ्याच घरांत सकाळी शाळेत जाण्याआधीची वेळ टिकते. शाळेत मिळणारी लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचे औषध यांमुळे डोल्युटेग्रावीर नीट शोषले जात नाही. एआरटीची गोळी त्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियम जेवणासोबत घेत असाल तर एकत्र चालते.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. मूल चार किलोने वाढले आणि डोस तोच राहिला, तर रोज गोळी घेऊनही औषध कमी पडते. प्रत्येक भेटीत वजन झालेच पाहिजे. गर्दीत राहून गेले तर तुम्ही आठवण करा.

मे महिना आणि गणपती हे आमच्या वहीतले धोक्याचे दिवस. गावी मुक्काम लांबतो, गोळ्या संपतात, आणि गावच्या केंद्रावर कोणी ओळखेल म्हणून जायचे नसते. निघण्याआधी जादा दिवसांचे औषध मागा. तिथे जास्त दिवस राहणार असाल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातून घेण्याची व्यवस्था समुपदेशक करून देतात.

दहा-बारा वर्षांनंतर वेगळीच अडचण येते. “रोज कशाची गोळी?” या प्रश्नाला वर्षानुवर्षे “ताकदीची” असे उत्तर मिळाले असेल, तर एक दिवस मूल म्हणते, मला ताकद आहे, नको. आणि गोळी खिडकीतून जाते. मुलाला वयानुसार, टप्प्याटप्प्याने खरे सांगावे लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाला “तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते” एवढे पुरते. नाव शाळकरी वयातच, किशोरवयाच्या आधी, घरच्यांच्या तोंडून कळावे. रिपोर्टवर वाचून किंवा शेजाऱ्याकडून कळले तर विश्वास तुटतो. आईला हे बोलणे जड जाते, कारण पुढचा प्रश्न “मला कसा झाला?” हा असतो. समुपदेशकासमोर बसून बोला.

शाळेला सांगण्याची सक्ती नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेशासाठी एचआयव्ही तपासणी मागता येत नाही, प्रवेश नाकारता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. आईवडील नसलेल्या घरात १२ ते १८ वर्षांचे समजूतदार मोठे भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळा, बँक आणि उपचारांसाठी सही करू शकते, ही त्यातली फारशी माहीत नसलेली तरतूद.

गुंतागुंतीच्या मुलांसाठी, म्हणजे औषधे निष्प्रभ ठरलेली किंवा सीडी-४ न वाढणारी, ठाणे परिसरातून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बाल एचआयव्ही केंद्राकडे पाठवता येते. चिठ्ठी तुमच्या एआरटी केंद्रातूनच घ्या. शंका विचारायला १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, नाव सांगावे लागत नाही.

आपल्या मुलीचे आता काय?

८४० या आकड्याने तिच्या एआरटीच्या गोळ्या बंद होणार नाहीत. पण बाकी बरेच बदलते. मागचा सीडी-४ ही ३५० च्या वर होता आणि व्हायरल लोड दबलेला आहे, त्यामुळे कोट्रायमोक्साझोल थांबवता येईल. चौथ्या वर्षाआधीच्या लशींवर भरवसा नाही, म्हणून कार्डावर गोवराचा जादा डोस झाल्याची नोंद आहे का ते पाहून नसेल तर द्यायचा, हिपॅटायटिस-बीची पातळी तपासायची, एचपीव्ही सुरू करायची. वजन २८ किलो आहे. वय दहाच्या पुढे गेलेलेच आहे, वजन ३० किलो झाले की मूत्रपिंडाची तपासणी करून तिला मोठ्यांची टीएलडी ही दिवसातून एकच गोळी देता येईल. पुढच्या भेटीला तिला बाहेर बाकावर न बसवता आत आणा. आतापर्यंत तिच्याविषयीचे सगळे आम्ही तिच्या आईशीच बोलत आलो आहोत.